दुनळी, रीळ आणि वाघनख : नाशिकमधल्या जुन्या शिकारसामानाचा व्यवहार

जुन्या नाण्यांना, टपालतिकिटांना, तांब्या-पितळेच्या भांड्यांना नाशिकमध्ये गिऱ्हाईक आहे आणि त्या गिऱ्हाइकाला भाव कळतो. शिकारीच्या आणि मासेमारीच्या जुन्या सामानाचे तसे नाही. गावठाणातला वाडा उतरवायला काढला किंवा देवळालीतला एखादा जुना बंगला विकला गेला, की माळ्यावरून दुनळी बंदुकीची चामडी पेटी, काडतुसांचा पट्टा, गळाची पितळी रिळे, भिंतीवरचे सांबराचे मुंडके, कसर लागलेले कातडे असे सगळे एकदम खाली येते. यातले काय ठेवायचे, काय विकायचे आणि कशाला हातही लावायचा नाही, हे घरच्यांना कळत नाही. विकत घेणाऱ्यालाही ते बहुधा ठाऊक नसते, आणि मग एकाच पोत्यात गुन्हा, भंगार आणि इतिहास तिन्ही भरले जातात.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या सामानाचे दोन वाटे करावे लागतात. ज्यात जनावराचा अंश आहे तो एक, आणि माणसाने घडवलेले हत्यार-अवजार हा दुसरा. पहिल्या वाट्याला बाजारात जागाच नाही. दुसऱ्याची किंमत त्याच्यासोबत आलेल्या कागदांवर आणि माहितीवर ठरते, आणि आपल्याकडे वस्तू विकली जाते तेव्हा नेमके तेच कागद रद्दीत जातात.

हे सामान नाशिकमध्ये आले कुठून, ते थोडक्यात. जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, हरसूल, इगतपुरीचे जंगल. त्यातले पेठ आणि सुरगाणा हे एकेकाळचे संस्थानी मुलूख. १८८३ साली छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरात इथल्या रानटी जनावरांची नोंद आहे आणि त्यात वाघ आहे. देवळालीला लष्करी छावणी. विलायतेला परतणारे गोरे सैनिक जहाजाची वाट पाहत इथे मुक्काम करीत, आणि जाताना जड सामान मागे राही हे ओघाने आलेच. त्याशिवाय जमीनदार, वकील, जंगलखात्यातले अधिकारी आणि हवापालटासाठी देवळालीत बंगले बांधणारी मुंबईची कुटुंबे. एका पिढीला शिकारीचा शौक होता, दुसरीने भिंतीवरची मुंडकी झटकली आणि तिसरीला फ्लॅटमध्ये ती ठेवायला जागा नाही.

आता कायदा. इथे थोडे थांबायला हवे, कारण अर्धे घोटाळे इथेच होतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातली ‘ट्रॉफी’ची व्याख्या फार रुंद आहे. कातडे आणि मुंडके तर झालेच, पण शिंग, हाड, नख, दात, केस, पिसे, अंडी, घरटेसुद्धा तिच्यात येते. कायदा लागू झाला तेव्हा ज्यांच्या घरी संरक्षित प्राण्यांच्या अशा वस्तू होत्या त्यांनी त्या तीस दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करायच्या होत्या आणि मालकीचे प्रमाणपत्र घ्यायचे होते. पुष्कळांनी ते केले नाही, कुणाला माहीतच नव्हते. २००३ साली सरकारने पुन्हा एकदा १८० दिवसांची मुदत दिली. ती संपून वीस वर्षे उलटली. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांनाही वस्तू फक्त घरात ठेवता येते, विकता येत नाही. वारसाने मिळाली तर वारसदाराने नव्वद दिवसांत तसे कळवायचे असते. ‘आमच्याकडे कागद आहेत, म्हणजे आम्ही विकू शकतो’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो चूक आहे. प्रमाणपत्राने मालकी सिद्ध होते, विक्रीचा परवाना मिळत नाही. अनुसूची एकमधल्या प्राण्याबाबत गुन्हा ठरला तर तीन ते सात वर्षांची कैद आणि निदान पंचवीस हजारांचा दंड आहे.

या कायद्याचा सगळ्यात जवळचा संबंध येतो तो सराफ बाजारात. लहान मुलाच्या गळ्यात सोन्यात मढवलेले वाघनख घालायची चाल आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होती. आजीच्या डब्यातून ते निघाले की मोडीत देऊन नवा दागिना करावा असे घरच्यांना सहज वाटते. सोने मोडायला हरकत नाही, नख मात्र दुकानात द्यायचेही नाही आणि घ्यायचेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंगळुरूत दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमातल्या स्पर्धकाला वाघनखाच्या लॉकेटवरून अटक झाली होती, तेव्हा कितीतरी घरांत डबे उघडून पाहिले गेले असतील. यातली पुष्कळ नखे खोटी निघतात, गुराच्या शिंगातून किंवा खुरातून कोरलेली. खरे-खोटे नुसत्या डोळ्यांनी ठरवणे अवघड असते. म्हणून असे नमुने डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे किंवा हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेकडे तपासायला जातात. त्र्यंबकेश्वर आणि पंचवटीत व्याघ्रचर्म म्हणून दाखवल्या जाणाऱ्या रंगवलेल्या कातड्यांचे आणि ‘हत्ताजोडी’ नावाच्या मुळीचेही तेच. ही मुळी नसून घोरपडीच्या नराचे जननेंद्रिय असते आणि तिची विक्री गुन्हा आहे. सिंहस्थाची गर्दी जमू लागली की या मालाला जोर येतो, तेव्हा भाविकांनी हे नीट लक्षात ठेवावे.

सांबरशिंगाबद्दल लोकांचा युक्तिवाद असा, की ते दरवर्षी आपोआप गळून पडते, कुणी प्राणी मारलेला नाही, मग गुन्हा कसला? युक्तिवाद समजण्यासारखा आहे. जुन्या घरांत सहाणेवर उगाळायला सांबरशिंगाचा तुकडा असायचाच. पण गळालेले आणि कापलेले शिंग बाजारात एकमेकांपासून ओळखता येत नाही, म्हणून कायद्याने दोन्ही एका मापात घातली. सांबरशिंगाच्या मुठीची इंग्रजी शिकारी सुरी, शेफिल्डची, पात्यावर कारखान्याचे नाव असलेली, हीसुद्धा तिच्या मुठीमुळे या जाळ्यात येते. जुन्या सुऱ्या गोळा करणाऱ्यांना हे कळले की धक्का बसतो. लाकडी किंवा पितळी मुठीची निवडावी, एवढाच सुरक्षित मार्ग.

मग घरातल्या मुंडक्याचे, कातड्याचे करायचे काय? २०२२ च्या दुरुस्तीने एक वाट मोकळी केली आहे. प्रमाणपत्र असलेल्याला वस्तू नको असेल तर सूचना देऊन ती वनखात्याच्या स्वाधीन करता येते. मोबदला मिळत नाही. मला हा मार्ग योग्य वाटतो, आणि तो वापरताना एक गोष्ट मात्र जरूर करावी. मुंडक्याच्या फळीची मागची बाजू पाहावी. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कारखान्यात १९९९ पर्यंत अशी मुंडकी-कातडी तयार करण्याचे काम चालू होते आणि देशभरच्या शिकाऱ्यांचे वाघ-बिबटे तिथे भुसा भरायला जात. फळीवर चिठ्ठी, क्रमांक, गाव, तारीख असे काही असेल तर त्याचा फोटो काढून ठेवावा. कुठल्या रानात, कुठल्या साली वाघ होता, याचा तो पुरावा आहे आणि तो घरी ठेवायला कोणताही कायदा आड येत नाही.

बंदुकांचे प्रकरण वेगळे, त्यातली अडचणही वेगळी. शस्त्र कायदा १९५९ चा. परवानाधारक वारला की बंदूक वारसाची आपोआप होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असतो, शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची मर्यादा आली आणि तिसरी एका वर्षात जमा करणे भाग पडले. जुन्या शिकारी घराण्यांतल्या काही उत्तम दुनळ्या त्या वेळी घराबाहेर पडल्या. परवानाधारकाने परवानाधारकाला विकायची तरी आधी लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. कायद्यातून सुटते ते फक्त असे जुने हत्यार, जे दुरुस्त करूनही कधी चालवता येणार नाही. ‘गंजली आहे, चालत नाही’ एवढे पुरत नाही. हे ठरवण्याचा अधिकार आपला नाही, विकणाऱ्याचा तर मुळीच नाही.

तरीही बंदूक वाचायला शिकावी, कारण तिच्या अंगावर तिची सगळी कुंडली असते. नळीच्या खालच्या अंगाला दाबपरीक्षेची मुद्रा असते. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या मुद्रांत मुकुट असतो, बेल्जियमच्या लीएजची मुद्रा लंबगोलात ‘ई-एल-जी’ अशी. मुद्रा बेल्जियमची आणि वर नाव इंग्रजी कारागिराचे, असा मेळ बसत नसेल तर शंका घ्यावी. बिहारमधल्या मुंगेरच्या कारागिरांचा हात उत्तम, पण विलायती नावे कोरलेल्या गावठी बंदुकाही देशभर फिरतात. आणखी एक, जिवाशी संबंधित. काही जुन्या नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून त्या नळ्या केलेल्या असतात, त्या काळ्या दारूसाठी. आजचे काडतूस त्यात घातले तर नळी फुटू शकते. ती भिंतीवरच ठेवायची.

कागद असला की बंदुकीचे मोल कुठे जाते, याचे ठळक उदाहरण जिम कॉर्बेटच्या रायफलचे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ साली संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरने ती त्याला भेट दिली आणि दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी बसवली. रिग्बी कंपनीच्या त्या जातीच्या रायफली इतरही पुष्कळ होत्या. ही एकच फिरून पुन्हा रिग्बी कंपनीकडे गेली आणि जगभर दाखवली गेली, ती त्या पट्टीमुळे.

या सगळ्यात ज्याच्यावर कायद्याचे ओझे सगळ्यात कमी आणि ज्याच्यात कारागिरी सगळ्यात जास्त, ते गळाचे सामान. आणि नाशिकमध्ये सर्वांत वाईट गत त्याचीच झाली आहे. पितळी रीळ लोकांना ओळखता येत नाही. कुणाला ते पतंगाची फिरकी वाटते, कुणाला शिवणयंत्राचा भाग. मग भांडी बाजारात किंवा भंगारवाल्याकडे ते मोडीच्या भावात वजनावर जाते. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये हटवला. तोवर तिथे किती रिळे वितळायला गेली असतील, याचा विचार करवत नाही. विलायती रिळावर कंपनीचे नाव कोरलेले असते. इंग्लंडच्या ॲल्निक गावच्या हार्डी ब्रदर्सचे ‘परफेक्ट’ रीळ १८९१ सालापासूनचे. अशा रिळाचा दांडा, त्यावरची हस्तिदंताची किंवा शिंगाची मूठ, पाठीवरचे स्क्रू हे सगळे मूळचे आहे का, ते पाहावे. मूठ हस्तिदंताची असेल तर पुन्हा वन्यजीव कायद्याशी गाठ.

काठीचेही असेच. सहा तिकोनी बांबूपट्ट्या सरसाने जोडून षट्कोनी काठी करण्याची कला गेल्या दीडशे वर्षांची. सुरुवातीला त्यासाठी जगभर वापरला जाणारा बांबू ‘कलकत्ता केन’ या नावाने आपल्याच देशातून जाई. पुढे दक्षिण चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. माळ्यावरच्या उन्हाने सरस सुटतो, पट्ट्या फाकतात आणि काठी कायमची वाकते. म्हणून विकत घेताना काठी जोडून, एका डोळ्याने रेषेत पाहावी, सांध्यांवरच्या धातूच्या नळ्या हलतात का ते पाहावे, आणि तिची कापडी पिशवी मागून घ्यावी. पिशवीवर बहुधा दुकानाचे नाव असते.

हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक काढले आणि महसीर हा मासा साहेबांच्या शिकारीच्या यादीत वाघाच्या जोडीला जाऊन बसला. पुढे धरणांनी आणि सुरुंगांनी महसीर हटला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीने सत्तरच्या दशकापासून त्याची पिल्ले वाढवून नद्यांना दिली. जुन्या काठ्यांच्या संग्राहकाने हा इतिहासही संग्रहात धरावा असे मला मनापासून वाटते, नाहीतर हातात राहते ते नुसते पितळ.

गळाच्या सामानात एक धोकाही लपलेला असतो. जुन्या चामडी पाकिटात पिसांच्या माश्या निघतात, कृत्रिम कीटक. त्यात मेणासारखे चकाकणारे पिवळट ठिपके असलेले पीस दिसले तर ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे. व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रज गळकऱ्यांना सामन माशासाठी ते हवेच असे आणि त्यापायी हा पक्षी हजारोंनी मारला गेला. आज त्याची पिसे देशाबाहेर पाठवणे गुन्हा आहे. दुर्मीळ पिसांचा हा हव्यास जुना झालेला नाही: जून २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुणाने २९९ पक्ष्यांची कातडी चोरली, ती गळाच्या माश्या बांधणाऱ्यांना विकायला.

अमेरिकेत या बाजाराने फार वेगळे वळण घेतले. तिथे संग्राहकांचे सर्वोच्च धन म्हणजे लाकडाची बदके. पाण्यावर तरंगत ठेवून खरी बदके खाली उतरवायची, बंदुकीच्या टप्प्यात आणायची, यासाठी ती कोरत. १९१८ च्या कायद्याने बाजारासाठी होणारी पक्ष्यांची शिकार थांबली. जोएल बार्बर या माणसाने फेकली जाणारी बदके गोळा केली आणि १९३४ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. २००७ साली मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रॉवेल याने कोरलेले दोन पक्षी प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरना विकले गेले. ओहायोच्या रायली हॅस्केलने १८५९ साली पेटंट घेतलेला तांब्याचा खोटा मासा २००३ मध्ये एक लाख डॉलरच्या वर गेला. शिकार बंद झाली, अवजार उरले आणि त्याच्या कारागिराचे नाव लोकांनी शोधून काढले.

आपल्याकडेही आमिषाचा पक्षी होता, पण जिवंत. पारध्याच्या पिंजऱ्यातला बोलका तितर. त्याच्या आवाजावर रानातले तितर येत आणि फाशात अडकत. पारध्याची शिकवलेली गायही असे, तिच्या आडोशाने तो हरणाजवळ जाई. तो पिंजरा, केसांचे आणि तातीचे ते फासे, पश्चिम नाशिकच्या भिल्ल-कोकणा-वारल्यांचा तीर-कामठा, चढणीचे मासे धरायची बांबूच्या कामट्यांची निमुळती टोपली, जिच्या तोंडाशी आत वळलेल्या काड्या असतात म्हणून शिरलेला मासा परत फिरत नाही. यातल्या एकाही वस्तूला बाजारभाव नाही. साहेबाच्या बंदुकीचे नाव-गाव आपण विचारतो, टोपली विणणाऱ्याचे कधी विचारत नाही. पारध्यांच्या फाशांवर तर ब्रिटिश अमलापासून गुन्हेगारीचा शिक्का आहे, त्यामुळे संग्राहक त्यांना हात लावायलाही कचरतात. ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात आदिवासी जीवनाच्या वस्तू जपल्या आहेत. पण खासगी संग्राहकाची नजर तिकडे वळलेली नाही.

ती वळू शकते, हे पुण्याच्या दिनकर केळकरांनी दाखवले आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने साधारण १९२० पासून अडकित्ते, दिवे, दौती, भांडी अशी घराघरांतून हद्दपार होणारी चीजवस्तू जमवली, जिच्याकडे तेव्हा कुणी कला म्हणून पाहत नव्हते. त्यातून राजा केळकर संग्रहालय उभे राहिले. शिकार-मासेमारीच्या देशी अवजारांना अजून असा माणूस मिळालेला नाही.

खोटा माल ओळखण्याविषयी दोन शब्द. मुरादाबाद आणि रुरकीत पितळी दुर्बिणी, होकायंत्रे नव्याने घडवून, त्यांना रसायनाने काळसर करून जुनी म्हणून विकायला पाठवतात. शिकारी शिट्ट्या आणि बिगुलही त्याच वाटेने येतात. खरी झीज हात लागतो तिथे असते, कोपऱ्यांत मळ साचलेला असतो. खोट्या वस्तूवर काळेपणा सगळीकडे सारखा. विलायती कंपनीच्या नावातल्या स्पेलिंगची चूकही तपासावी.

शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि त्या खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत. अमेरिकेतल्या भाच्याला आजोबांचे १९१० चे बंदुकीच्या दारूचे शिंगाडे पाठवायचे म्हटले आणि शिंग रानातल्या जनावराचे असले, तर एक नव्हे, दोन कायदे आड येतात.

उरले कागद. शिकारीचे परवाने, जंगलखात्याच्या पावत्या, काडतुसांची बिले, गटाचे फोटो, डायऱ्या. यांच्या विक्रीला वन्यजीव कायदा किंवा शस्त्र कायदा आड येत नाही, जागा लागत नाही आणि इतिहास सगळ्यात जास्त यांच्यातच असतो. परवान्यावर जंगलाचा गट, महिना, कोणते जनावर किती मारता येईल हे लिहिलेले असते. ‘नागझिरा’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर आधी बंदूक घेऊनच रानात जात. त्या पिढीच्या मनात रानाविषयी काय बदलले, ते डायऱ्यांतूनच कळणार आहे. नाण्यांसाठी नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून संशोधन संस्था आहे, तिथे नाणे कुठे सापडले हे नाण्याइतकेच महत्त्वाचे मानतात. शिकारसामानाला ती शिस्त लागायची आहे. आज बुधवारच्या बाजारात गोदाकाठी फोटोंचा अल्बम चांगल्या बांधणीसाठी विकला जातो आणि आतले फोटो उपटून टाकले जातात.

ज्याला यात उतरायचे आहे त्याने पहिली खरेदी पेठ-हरसूलकडच्या आठवडे बाजारात करावी. जून लागताना माशांची टोपली विणणारा म्हातारा भेटला तर तो सांगेल तेवढे पैसे द्यावे आणि त्याचे नाव, गाव, बांबू कुठल्या रानातला, टोपली कुठल्या ओहोळात लावतात, कोणता मासा धरतात आणि विणायला कुणी शिकवले, हे सगळे तिथल्या तिथे लिहून घ्यावे.